घरात भांडण पेटायचं तेव्हा तू कुठं जायचास?

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला. चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागले, पेढे वाटून झाले, आता सत्कार सुरू आहेत. दरवर्षी येतात तशा त्या बातम्याही आल्या. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात', 'जिद्दीपुढे गगन ठेंगणे'. बाप व्यसनी, आई चार घरची धुणीभांडी करते, दहा बाय दहाची खोली आणि पोरीला ९२ टक्के. सोबत फोटो. पोरीला पेढा भरवणारे पुढारी, अवघडून उभी असलेली पोरगी आणि कडेला आई, फोटोत अर्धी कापली गेलेली.

या पोरीचं कौतुक व्हायलाच पाहिजे. माझं भांडण कौतुकाशी नाही, 'जिद्द' या शब्दाशी आहे. हा शब्द एकदा वापरला की पुढं कुणाला काही विचारावं लागत नाही. ही पोरगी जिद्दी होती, निघाली. तिच्याच गल्लीतली दुसरी नाही निघाली, म्हणजे तिच्यात जिद्द नव्हती. मिटला हिशोब. शाळा सुटली, शेजारी सुटले, सरकार सुटलं आणि आपणही सुटलो.

बावीस वर्षं या लाईनीत आहे. अशा मुलांच्या मुलाखतीला बसलो की मी एक प्रश्न जादा विचारतो. टक्के किती, अभ्यास किती तास, पुढं काय व्हायचंय, हे सगळं विचारून झाल्यावर आणि घरची माणसं जरा बाजूला गेल्यावर विचारतो, "घरात भांडण पेटायचं तेव्हा तू कुठं जायचास?"

पोरं आधी गप्प बसतात. मग उत्तर येतं. आजीकडं. मावशी याच गावात दिलीय, तिच्याकडं. शाळेतले शिपाई मामा रात्री शाळेतच झोपायला असतात, त्यांच्याकडं. एकजण म्हणाला, पिठाच्या गिरणीत. तिथं पट्ट्याचा आवाज एवढा असतो की घरचं काही ऐकू येत नाही, आणि गिरणीवाले काका पोत्यावर बसू देतात. एक मुलगी म्हणाली, "अभ्यासिकेत. बंद करायची वेळ झाली तरी मॅडम मला कधी जा म्हणाल्या नाहीत."

मला भेटलेल्या, असल्या घरातून निघालेल्या जवळपास प्रत्येक पोराकडं या प्रश्नाचं उत्तर होतं. कुठलं तरी एक दार, कुणीतरी एक मोठं माणूस. बातमीच्या चौकटीत हा गिरणीवाला काका मावत नाही. आज इथं जागा भरपूर आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहितोय.

माझ्याकडंही या प्रश्नाचं उत्तर होतं. तेही सांगतो.

माझे वडील एका साखर कारखान्यावर कामाला होते. दारू प्यायचे. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला की आई आधी आमच्याकडं बघायची, मग लाटणं, उलथनं, काठी असं जे हाताशी असेल ते आत सरकवायची. मारताना जे सापडेल ते वडिलांना चालायचं. आईला मार पडायचा, मधे पडलो की मला. सकाळी तोच माणूस दाढी करून, कपाळाला गंध लावून ड्यूटीवर निघायचा आणि गल्ली त्यांना रामराम घालायची. रात्रीचं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. सकाळी मात्र कुणी काही ऐकलेलं नसायचं. वडील राक्षस नव्हते. मला पोहायला त्यांनीच शिकवलं. पण लहान पोराला हे दोन बाप एकाच माणसात बसवता येत नाहीत, म्हणून ते समजून चालतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

आमच्या घरापासून चौथं दार छापखान्याचं होतं. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या लाकडी केसेस, शाईचा वास. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. लग्नसराईत पत्रिकांचं काम रात्री उशिरापर्यंत चालायचं. मी अकरा वर्षांचा असेन. एका रात्री घरातून निघालो आणि छापखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो. का आलास, काय झालं, असं अण्णांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "बसलाच आहेस तर हे खिळे आपापल्या घरात टाक. 'क'च्या घरात 'फ' टाकू नकोस, उद्या कुणाचं तरी नाव बिघडंल."

पुढची सहा वर्षं मी तिथं जात होतो. अण्णांनी मला कधी जवळ घेतलं नाही, उपदेश केला नाही, पाठीवरून हात फिरवून 'शूर आहेस बाळा' असलं काही म्हटलं नाही. त्यांनी दोन गोष्टी केल्या. मी आत असेपर्यंत दाराला कडी लावली नाही आणि डब्यात एक भाकरी जादा आणायला लागले. आणि तिसरी एकदाच केली. माझं मनगट सुजलेलं त्यांनी बघितलं, त्या संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगं माझ्याकडं कामाला येतंय. त्याच्या हाताला लागलं की माझं काम अडतं."

एवढंच. त्यानंतर मला मार बसला नाही असं नाही. पण कमी बसला. कुणीतरी बघतंय, एवढं वडिलांना कळलं होतं.

आता इथं थांबलो तर हीसुद्धा जिद्दीचीच बातमी होईल. छापखान्यात खिळे लावणारा पोरगा पत्रकार झाला, वगैरे. म्हणून पुढचं सांगणं भाग आहे.

त्याच घरात माझा धाकटा भाऊ वाढला. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तेच वडील, तीच आई, तीच सायकल. डोक्यानं माझ्यापेक्षा हुशार, गणितात तर फारच. तो अकरा वर्षांचा झाला तोवर गावात ऑफसेट आलं होतं, पत्रिका जिल्ह्याहून छापून यायला लागल्या होत्या आणि अण्णांचं मशीन भंगारात गेलं होतं. मी शिकायला औरंगाबादला. आई थकलेली. तोही रात्री घराबाहेर पडायचा, पण त्याच्यासाठी उघडं दार नव्हतं. नदीवरचा पूल होता. पुलावर मोठी पोरं बसायची. त्यांनी त्याला जवळ केलं. पंधराव्या वर्षी तो प्यायला लागला, सतराव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढची वीस वर्षं काय झालं ते गावाला माहीत आहे.

हे त्याला वाचून दाखवूनच टाकतोय. मी त्याला विचारलं, तुझ्यात आणि माझ्यात फरक काय होता रे? तो म्हणाला, "तुला प्रेस होती, मला पूल होता." माझ्या डिप्लोम्याच्या दोन वर्षांत ऐकलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मला हे वाक्य जास्त पटलं.

हे फक्त आमच्या घरापुरतं असतं तर लिहिलं नसतं. यावर मोठा अभ्यास झालेला आहे, आणि योगायोग बघा, तोही उसाच्या मुलखात. हवाई बेटांपैकी काउआई नावाचं एक बेट. तिथं उसाच्या मळ्यांवर राबायला देशोदेशीहून मजूर आले होते. १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या सगळ्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन बायांनी माग ठेवला. वर्ष-दोन वर्षं नाही, मुलं चाळिशीला येईपर्यंत. यातली साधारण एक तृतीयांश मुलं अवघड घरातली होती. गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, आईबापांची भांडणं, दारू, घरात मानसिक आजार, यातलं बरंच काही एकत्र वाट्याला आलेली. या अवघड घरातल्या तीन मुलांपैकी दोघं दहाव्या, अठराव्या वर्षापर्यंत कुठं ना कुठं अडखळली. तिसरं मात्र नीट उभं राहिलं. कामाला लागलं, माणसांत मिसळलं, दुसऱ्याला जीव लावणारं झालं.

या तिसऱ्यात वेगळं काय होतं, हा खरा प्रश्न होता. काहींचा स्वभावच माणसांना आपलंसं करणारा होता, हे खरं आहे. पण पुन्हा पुन्हा जे सापडलं ते असं: या मुलांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आईबापच असं नाही. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, कुणीही.

अडखळलेल्या मुलांबद्दल जे दिसलं तेही तितकंच महत्त्वाचं आहे. त्यातली बरीच पोरं तिशी-चाळिशीत सावरली. कुणाला चांगला जोडीदार मिळाला, कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला शिस्तीची नोकरी, कुणाला आधार देणारा समूह. म्हणजे अठराव्या वर्षी गाडी चुकली की संपलं असं नसतं. दुसरी गाडी येते. पण ती यायला पाहिजे, आणि तिच्यात जागा पाहिजे.

माझा भाऊ गेली दोन वर्षं प्यायलेला नाही. मद्यपींच्या एका गटाच्या बैठकीला दर आठवड्याला जिल्ह्याला जातो. तिथं त्याला कुणी 'आधी कुठं गेली होती अक्कल' असं विचारत नाही. मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. त्याला चार वर्षांची मुलगी आहे. परवा त्याच्या घरी बसलो होतो. गाडीचा आवाज आला आणि पोरगी हातातलं टाकून दाराकडं पळाली. मी आणि आई एकमेकांकडं बघतच राहिलो. आमच्या घरात बापाच्या सायकलीचा आवाज आला की पोरं आतल्या खोलीत जायची.

अर्थपूर्ण आयुष्य म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन. कलेक्टर झालेलं पोर दाखवायची गरज नाही. बापाचा आवाज ऐकून पोर कुठल्या दिशेला पळतं, ते बघा.

आता काही लोक म्हणतील, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ही म्हण आपण फार सहज तोंडावर फेकतो. कधी पाथरवटाच्या पालावर जाऊन बघा. मूर्ती एक असते आणि भोवती फुटलेल्या दगडांचा ढीग असतो. शिवाय पाथरवटाला काय घडवायचंय ते माहीत असतं, म्हणून तो मोजून घाव घालतो. दारू पिऊन पट्टा काढणाऱ्या बापाला काय घडवायचं असतं?

दुसरं ठरलेलं वाक्य, "आम्ही काय कमी मार खाल्ला? काय बिघडलं आमचं?" काय बिघडलं ते आपल्या बायकोला विचारावं, पोरांना विचारावं. माझ्यापुरतं सांगतो. आज पंचेचाळिशीतही कुणी जोरात दार आपटलं की माझे खांदे वर जातात. वरिष्ठ चढ्या आवाजात बोलले की माझी जीभ टाळ्याला चिकटते, मग चूक कुणाचीही असो. घरात सगळं सुरळीत चाललं असलं की मला उलट अस्वस्थ होतं, आता काहीतरी होणार असं वाटत राहतं. लग्नानंतर कित्येक वर्षं बायकोला कळायचं नाही की हा माणूस सुखाच्या दिवशी गप्प का होतो. हे सगळं कुणाशी तरी बोलायला मला चाळिशी गाठावी लागली.

हे माझे चोचले नाहीत. अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी १७ हजारांहून जास्त प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण असे प्रकार त्यात होते. १९९८ साली पहिले निष्कर्ष छापून आले. जितके जास्त प्रकार वाट्याला आलेले, तितका पुढं व्यसनाचा, नैराश्याचा, आत्महत्येच्या प्रयत्नाचा, इतकंच काय हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या आजाराचाही धोका जास्त. म्हणजे बालपणीचा मार अंगावरून उतरत नाही, अंगात उतरतो. अर्थात वाढलेला धोका म्हणजे नशिबाचा लेख नव्हे. त्या यादीतली माणसं चांगलीही जगतात. पण 'काय बिघडलं' हा प्रश्न त्या अभ्यासानंतर तरी कुणी विचारू नये.

आणि हे चार-दोन घरांत चालतं असंही नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा बाल अत्याचारांवरचा अहवाल २००७ साली आला. १३ राज्यांत मुलांशी बोलून केलेला, त्यात आपला महाराष्ट्रही होता. शारीरिक मारहाण सोसलेली मुलं दर तिघांत दोन निघाली. लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसलेली निम्म्याहून जास्त, आणि त्यात मुलग्यांचीही संख्या मोठी. हा आकडा आपल्या गावाला लावून बघा. शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभ्या असलेल्या रांगा आठवा आणि मोजा.

मग या पोरांना दार कुणाचं? आपल्या मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमध्ये पोरं सहा-सहा महिने आजीजवळ राहतात. आजी हेच त्यांचं दार. जिथं आजी नाही तिथं हंगामी वसतिगृह असतं, तेही वेळेवर सुरू झालं तर. आणि जिथं दोन्ही नाही, तिथं पोरगं आईबापाबरोबर फडात जातं किंवा थोरली बहीण, जी स्वतः बारा वर्षांची असते, ती धाकट्यांची आई होते.

नारायण सुर्व्यांचं उदाहरण आपण भाषणात नेहमी देतो. अनाथ पोर, फुटपाथवर राहिलेलं, हॉटेलात पोऱ्या, गिरणीत कामगार, शाळेत शिपाई, मग शिक्षक आणि महाकवी. १९९८ची पद्मश्री. पण सुर्वे हे आडनाव त्यांना कुणी दिलं? गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं. रस्त्यावर टाकून दिलेलं तान्हं पोर त्या माणसानं उचललं, घरी नेलं, आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. पुढं नोकरी संपल्यावर सुर्वे कुटुंब कोकणात गेलं आणि पोर पुन्हा एकटं पडलं, हेही खरं. पण तोवर त्याला अक्षर मिळालं होतं, आणि आपल्याला कुणीतरी उचललं होतं हे माहीत होतं. सुर्व्यांच्या जयंतीला हार घालताना गंगारामाचीही आठवण काढा. कवी होणं कुणाच्या हातात नसतं. गंगाराम होणं आपल्या हातात आहे.

'लोकांच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडायचं' हा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. बरोबर आहे, भीती असते. दारुडा अंगावर येईल, उद्या नवरा-बायको एक होतील आणि आपण वाईट ठरू. पण अण्णा आमच्या भानगडीत पडले नव्हते. त्यांनी फक्त जागा दिली आणि एक वाक्य बोलले. बहुतेक वेळा पोराला तेवढंच लागतं. जिथं तेवढ्यानं भागत नाही, जिथं पोराच्या अंगावर वळ दिसतात, पोरीला घरात जायची भीती वाटते, तिथं मात्र कायदा आहे आणि तो वापरायचा असतो.

त्यासाठी काही गोष्टी नीट लिहून देतो. सेव्ह करून ठेवा.

१. १०९८. मुलांसाठीचा मदतीचा नंबर. १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता सरकार चालवतं. चोवीस तास, फुकट. पोर स्वतः करू शकतं, शेजारीही करू शकतो.

२. प्रत्येक जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते. संकटातल्या मुलाला कुठं ठेवायचं, कुणाकडं द्यायचं हे ठरवायचा अधिकार तिला आहे. आधी पोलीस ठाण्यात जायलाच पाहिजे असं नाही.

३. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही गप्प बसणं हा पोक्सो कायद्याखाली, म्हणजे २०१२ पासून, गुन्हा आहे. 'घराण्याची अब्रू' हे कारण कायद्यात नाही.

४. बालसंगोपन योजना. आई किंवा वडील नसलेल्या, अनाथ, संकटात सापडलेल्या घरातल्या मुलाला नातेवाइकाजवळ राहूनही महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आपल्या तालुक्यात कितीतरी आज्या नातवंडं सांभाळतायत आणि त्यांना या योजनेचं नावही माहीत नाही. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो. आजीला फॉर्म भरता येत नसेल तर तुम्ही भरून द्या. एक दुपार जाईल तुमची.

५. मनावरचं ओझं कुणाला सांगायचं असेल तर १४४१६. टेलिमानस. मराठीतून बोलता येतं. हा नंबर फक्त पोरांसाठी नाही, पोरपणी मार खाल्लेल्या चाळिशीतल्या माणसांसाठीही आहे.

आता ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांच्याकडं तीन मागण्या.

पहिली, गावोगाव ग्राम बाल संरक्षण समित्या कागदावर आहेत. आपल्या गावाची समिती कुणाकुणाची आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, हे येत्या ग्रामसभेत विचारा. नावांचा बोर्ड शाळेबाहेर लावा, म्हणजे पोराला कळेल कुणाचं दार वाजवायचं.

दुसरी, बालगृहातल्या मुलांची. बाल न्याय कायदा २०१५चा आहे. त्यात अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाला अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची सोय सांगितली आहे. महिन्याला ४,००० रुपयांची तरतूदही आहे. राज्यानं २०१८ साली अनाथांना नोकरीत आणि शिक्षणात १ टक्का आरक्षण दिलं, ते चांगलंच केलं. पण आरक्षणाचा फायदा पदवीपर्यंत पोचलेल्याला. अठराव्या वाढदिवसाला पत्र्याची पेटी घेऊन गेटबाहेर उभ्या राहिलेल्या पोराला त्या रात्री झोपायला जागा लागते. आपली पोरं अठराव्या वर्षी स्वतःचा डबा स्वतः भरत नाहीत, आणि अनाथ पोरानं त्याच वयात भाड्याची खोली शोधावी अशी आपली अपेक्षा. आपल्या जिल्ह्यातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी कितींना हा आधार मिळाला, याची यादी प्रशासनानं जाहीर करावी. मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर आलं की इथंच टाकतो.

तिसरी, शाळांची. समुपदेशक नेमा म्हटलं तर पद मंजूर नाही असं उत्तर येतं. ठीक. मग तोवर एक करा. शाळा सुटल्यावर दोन तास एक खोली उघडी ठेवा आणि तिथं एक असा माणूस बसवा जो पोरांवर खेकसत नाही. अभ्यास घेतला नाही तरी चालेल. अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळांनीही हे मनावर घ्यावं. गावात गणपती मंडळं किती आणि रात्री नऊपर्यंत उघडी अभ्यासिका किती, ते आपण सगळेच जाणतो.

आणि सत्काराला जाणाऱ्या मान्यवरांना एक विनंती. शाल-श्रीफळ द्याल ते द्या. पण स्टेजवर त्या पोरीला विचारा, तुझ्यासोबत आणखी कुणाला बोलवायचंय? ती आजीचं नाव घेईल, शिपाई मामांचं घेईल. त्यांनाही खुर्ची द्या. बघणाऱ्या चारशे लोकांना त्यातून कळेल की हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. ९२ टक्के सगळ्यांना जमत नाहीत. दाराला कडी न लावणं जमतं.

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्यापैकी ज्यांचे अण्णा अजून हयात आहेत, त्यांनी खाली कॉमेंटमध्ये नाव लिहिण्याआधी त्यांना फोन लावा. ते म्हणतील, मी काय केलं रे, काहीच नाही. म्हणू द्या. तुम्ही सांगा.

आणि ज्यांच्या गल्लीत संध्याकाळी एखादं पोरगं उगाच पायरीवर बसलेलं दिसतं, त्यांनी त्याला हाकलू नका. हाताला काहीतरी काम द्या. भाकरी लागली तर तीही द्या. काय झालं ते नंतर, त्याला वाटलं तर, ते आपणहून सांगेल.